पृथ्वीचे वातावरण : घटक, दाब आणि थर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वातावरणाविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी जन्माला येतात. हवेतील वायूंचे प्रमाण, हवेचा दाब आणि हवेचे तापमान या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि आपण त्या एकमेकींत कालवतो. जसजसे वर जावे, तसतसे प्रमाण जवळजवळ तेच राहते, दाब सतत उतरत जातो आणि तापमान मात्र कधी उतरते, कधी चढते. खालील प्रश्न वाचताना एवढा फरक ध्यानात ठेवला, तर बराच गुंता सुटतो.

हवेत नेमके कोणते वायू असतात?

कोरड्या हवेत आकारमानाने ७८.०८ टक्के नायट्रोजन, २०.९५ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के अरगॉन असतो. या तिघांची बेरीजच ९९.९६ टक्के भरते. उरलेल्या चिमूटभर जागेत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि त्याहून कितीतरी कमी प्रमाणात निऑन, हेलियम, मिथेन, क्रिप्टॉन व हायड्रोजन असतात.

अरगॉन जवळपास एक टक्का असूनही १८९४ पर्यंत कोणालाही ओळखता आला नव्हता. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना असे आढळले की हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो. हा फरक मोजण्यातली चूक म्हणून सोडून देता आला असता, पण त्यांनी तो सोडला नाही. विल्यम रॅमसे यांच्यासह त्यांनी त्या ‘नायट्रोजन’मध्ये दडलेला, कोणाशीही संयोग न पावणारा वायू शोधून काढला. हवेतील बहुतेक सगळा अरगॉन खडकांमधील किरणोत्सारी पोटॅशियमच्या ऱ्हासातून कोट्यवधी वर्षांत तयार झाला आहे.

कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र स्थिर नाही. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे २८० रेणू होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा तो आकडा ३१५ च्या आसपास होता. आज त्याने ४२० ओलांडले आहे.

या यादीत पाण्याची वाफ का नसते? आणि दमट हवा जड असते का?

वाफेचे प्रमाण स्थळ-काळानुसार फार बदलते. थंड, कोरड्या प्रदेशात ते जवळपास शून्य असते, तर उष्ण समुद्रकिनारी चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून पुस्तकांतील प्रमाण कोरड्या हवेचे दिलेले असते.

जूनच्या आरंभी कोकणात अंगाला चिकटणारी हवा जड वाटते खरी, पण वजनात ती हलकी असते. पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८, तर कोरड्या हवेच्या रेणूंची सरासरी सुमारे २९. तेवढ्याच तापमानाला आणि दाबाला वाफेचे रेणू जेव्हा हवेत शिरतात, तेव्हा ते जड रेणूंची जागा घेतात. आपल्याला जाणवणारा जडपणा घाम न वाळण्याचा असतो, हवेच्या वजनाचा नव्हे.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे, मग तो जमिनीलगत साठून का राहत नाही?

कारण मोकळी हवा सतत ढवळली जात असते. वारा, तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत आणि रेणूंची स्वतःची धावपळ यांमुळे मुख्य वायूंचे प्रमाण जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटर उंचीपर्यंत जवळजवळ सारखेच राहते. त्याच्या वर हवा इतकी विरळ होते की हे ढवळणे थांबते आणि मगच वायू आपापल्या वजनानुसार वेगळे होऊ लागतात. हलके वर, जड खाली.

बंदिस्त जागेची गोष्ट वेगळी. जुनी विहीर, मैल्याची टाकी किंवा धान्याचे पेव येथे हवा ढवळली जात नाही. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत. बंद पेवात साठवलेल्या मालाच्या श्वसनामुळे ऑक्सिजन घटतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो, म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच मोकळे ठेवण्याची आणि आत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही, इतके त्यावरून नक्की समजते. कंदील तेवत राहिला म्हणजे सारे सुरक्षित आहे, असे मात्र समजू नये. मैल्याच्या टाकीत तर ज्वालाग्राही मिथेन असू शकतो, तेथे पेटता दिवा नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

डोंगरावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते का?

नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्केच असतो. कमी होतो तो दाब. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे एका श्वासात फुफ्फुसांत जाणारे ऑक्सिजनचे रेणूही तितकेच उरतात. एव्हरेस्टवर ते एक तृतीयांशाच्या आसपास येतात. ‘टक्का तोच, पण एकूण रक्कम कमी’ असा हा व्यवहार आहे.

हवेचा दाब म्हणजे नेमके काय?

डोक्यावर जेवढी हवा उभी आहे तिचे वजन म्हणजे हवेचा दाब. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर वातावरणाच्या टोकापर्यंतचा जो हवेचा स्तंभ उभा असतो, त्याचे वजन साधारण एक किलो भरते. दर चौरस मीटरवर दहा टनांहून थोडे अधिक. मान्य सरासरी १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजेच पाऱ्याचा ७६ सेंटिमीटरचा स्तंभ. हवा वजनहीन वाटते ती केवळ आपण तिच्यात बुडालेले आहोत म्हणून. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा साध्या खोलीतील हवेचे वजनही तीस किलोंच्या वर भरते.

मग आपण या भाराखाली चिरडले का जात नाही?

दाब वरून खालीच नव्हे, तर सर्व बाजूंनी सारखा असतो आणि शरीरातील द्रव व पोकळ्यांतील हवा त्याच दाबाने बाहेर रेटत असते. घाट चढताना हा तोल क्षणभर बिघडतो आणि कानाला दडा बसतो. आवंढा गिळला की कानाच्या मधल्या पोकळीतील हवेला वाट मिळते व तो सुटतो.

विहिरीवरील पंप दहा मीटरपेक्षा खोल पाणी का ओढू शकत नाही?

कारण पंप पाणी ओढतच नाही. तो नळातील हवा काढून टाकतो एवढेच. पाण्याला नळात वर ढकलते ती विहिरीतील पाण्यावर रेलून असलेली हवा. त्या हवेचा जोर समुद्रसपाटीला १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतकाच असतो. त्यापुढे मोटर कितीही अश्वशक्तीची बसवली तरी पाणी वर चढत नाही. पठारावर, जेथे दाब आधीच कमी आहे, ही मर्यादा आणखी थोडी खाली येते आणि नळातील घर्षण व सांध्यांतील गळती धरता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती लागतात.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की शेतकरी काठावरची मोटर विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवतो आणि पावसाळा तोंडावर आला की ती पुन्हा वर घेतो, त्यामागे हेच गणित आहे. नळाच्या तळाशी असलेली झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, गळका असला की नळात हवा शिरते, मोटर नुसती घुमते आणि पाणी येत नाही. पाण्यात बुडवलेला सबमर्सिबल पंप पाण्याला खालून वर रेटतो, म्हणून त्याला ही मर्यादा लागू होत नाही.

पाणी चढण्याला अशी मर्यादा आहे, हे सतराव्या शतकात इटलीतील पंपवाल्यांनाही माहीत होते. १६४३ साली तोरिचेल्ली यांनी पाण्याऐवजी त्याच्या साडेतेरा पट जड असलेला पारा वापरला आणि दहा मीटरची नळी एका मीटरच्या आत आणली. तोच पहिला वायुदाबमापक.

उंचीबरोबर दाब किती घटतो?

याचा पहिला पुरावा १९ सप्टेंबर १६४८ रोजी मिळाला. ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्युई द डोम या डोंगरावर चढले आणि माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा आठ सेंटिमीटरांहून थोडा अधिक उतरला. पायथ्याशी दुसरी नळी एकाच्या राखणीत दिवसभर ठेवली होती. तिच्यातील पारा हलला नव्हता. प्रयोग कसा करावा याचा तो आजही उत्तम नमुना आहे.

हवा दाबली जाऊ शकते, त्यामुळे खालचे थर दाट आणि वरचे विरळ असतात. दर साडेपाच किलोमीटरला दाब साधारण निम्मा होतो. मुंबईत १,०१० हेक्टोपास्कल असताना पुण्यात सुमारे ९५० आणि कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, ८३० ते ८४० असतो. मुंबईत घेतलेले वेफर्सचे पाकीट महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत उशीसारखे फुगते, कारण त्याच्या आत मुंबईचा दाब कोंडलेला असतो आणि बाहेरचा दाब मात्र घाट चढताना सुटत गेलेला असतो. वातावरणातील सुमारे नव्वद टक्के हवा पहिल्या १६ किलोमीटरांत आणि ९९ टक्के हवा पहिल्या ३० ते ३२ किलोमीटरांत मावते.

उंचावर डाळ शिजत का नाही, आणि कुकरने तो प्रश्न पूर्ण सुटतो का?

बाहेरचा दाब कमी असला की पाणी लवकर उकळते. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. कळसूबाईवर पाणी ९४-९५ अंशांनाच उकळू लागते. उकळी खळखळती दिसते, पण ती तितकी गरम नसते. कुकरची शिटी बाहेरच्या दाबापेक्षा साधारण एक किलो प्रतिचौरस सेंटिमीटर जास्त दाब झाला की उचलते. समुद्रकिनारी त्यामुळे आतील तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. लेहमध्ये बाहेरचा दाबच कमी असल्याने तोच कुकर ११४ अंशांच्या जवळपास थांबतो. म्हणून तेथे डाळ शिजते, पण दोन शिट्या जास्त घ्याव्या लागतात.

बातम्यांतील ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणजे दाब किती कमी झालेला असतो?

वाचकांना वाटते त्यापेक्षा फारच थोडा. बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या साध्या कमी दाबाच्या क्षेत्रात मध्यभागीचा दाब भोवतालपेक्षा अवघे काही हेक्टोपास्कल कमी असतो. मुंबईहून पुण्याला जाताना आपण त्याच्या दसपट फरक सहज ओलांडतो. एवढेच कशाला, आपल्याकडे निरभ्र दिवशीही सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरलेला असतो. रात्री पुन्हा हीच भरती-ओहोटी होते. ज्या मोबाइलमध्ये दाबमापक असतो त्यावर ही लय कोणालाही पाहता येते आणि ती एकदा पाहावीच.

मग पाऊस कशाने पडतो? महत्त्व दाबाच्या आकड्याला नसून एकाच पातळीवरील दोन ठिकाणांमधील फरकाला आहे. कळसूबाईवर आणि समुद्रावर दाब वेगळा असला तरी तो फरक उभा आहे. त्याला वरच्या हवेचे वजन तोलून धरते, त्यामुळे वारा सुटत नाही. समुद्रसपाटीवरच शेजारी-शेजारी दोन ठिकाणी दाब वेगळा असेल, तर तो आडवा फरक हवेला ढकलतो. हवा कमी दाबाकडे धावते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळण घेते, मध्याशी एकवटून वर चढते, निवते आणि ढग तयार होतात.

सर्व केंद्रांच्या नोंदी म्हणूनच हिशोबाने समुद्रसपाटीवर आणून मगच नकाशावर मांडतात. तसे केले नाही तर पुणे कायमच ‘कमी दाबाचे क्षेत्र’ ठरेल. (पुण्यातील ‘सिमला ऑफिस’ चौकाचे नावही हवामान खात्याचीच खूण आहे. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले, नाव मात्र येथेच राहिले.)

एक तुलना पुरेशी बोलकी आहे. समुद्रसपाटीवर आजवर नोंदलेला सर्वांत कमी दाब ८७० हेक्टोपास्कल आहे. तो १२ ऑक्टोबर १९७९ रोजी प्रशांत महासागरातील ‘टिप’ या वादळाच्या केंद्रात नोंदला गेला. कळसूबाईवर कोणत्याही शांत, सुंदर सकाळी याहून कमी दाब असतो. वादळाला भयंकर करते ते दाब थोडक्या अंतरात उतरणे; १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात तो केंद्रापाशी ९१२ पर्यंत उतरला होता.

वातावरणाचे थर कशाच्या आधारे पाडतात?

तापमानाच्या. दाबात कोठेही पायरी नाही, तो सलग घटत जातो. तापमान मात्र उंचीबरोबर दिशा बदलते आणि जेथे ते वळते तेथे थराची सीमा मानली जाते. जमिनीलगतच्या तपांबरात तापमान घटते, त्यावरच्या स्थितांबरात वाढते, त्याहून वरच्या मध्यांबरात पुन्हा घटते आणि उष्मांबरात पुन्हा वाढते. आयनांबर हा या क्रमातील पाचवा थर नव्हे. विद्युतभारित कण जेथे आढळतात त्या भागाला दिलेले ते वेगळ्या निकषाचे नाव असून तो भाग मध्यांबर व उष्मांबर या दोन्हींमध्ये पसरलेला आहे. शालेय नोट्समध्ये ही दोन वर्गीकरणे अनेकदा एकाच शिडीवर ठेवली जातात.

वर गेल्यावर सूर्य जवळ येतो, तरी गारवा का वाढतो?

सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. डोंगराच्या उंचीने त्यात काहीच फरक पडत नाही. ऊन हवेला थेट फारसे तापवत नाही. ते जमिनीला तापवते आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर जाते तेव्हा तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि त्या कामात तिची उष्णता खर्ची पडते. तपांबरात सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश तापमान घटते.

या नियमाला अपवादही आहेत. हिवाळ्यात निफाडसारख्या ठिकाणी निरभ्र रात्री जमीन वेगाने निवते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. द्राक्षबागायतदार अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांचा उपयोग होतो तो या उलट्या रचनेमुळेच: वरची हवा उबदार असल्याने शेकोटीची ऊब उंच निघून न जाता बागेच्या आसपास रेंगाळते.

तपांबराची उंची ध्रुवांजवळ आठ-नऊ, तर आपल्या अक्षांशांवर १६ ते १७ किलोमीटर असते. विषुववृत्ताकडे हा थर अधिक उंच, म्हणून त्याचा माथाही अधिक थंड, उणे ७५-८० अंशांपर्यंत. भारतीय हवामान खात्यातील के. आर. रामनाथन यांनी फुग्यांच्या नोंदींवरून १९२९ साली हे चित्र स्पष्ट केले. उष्ण कटिबंधाच्या डोक्यावरची हवा ध्रुवांवरच्या हवेपेक्षा थंड निघावी, हे अजूनही चमत्कारिक वाटते.

स्थितांबरात तापमान वाढते ते का?

तेथील ओझोनमुळे. तो सूर्याची अतिनील किरणे शोषतो आणि हवा तापवतो. सुमारे ५० किलोमीटरवर तापमान पुन्हा शून्याच्या आसपास येते. वर उष्ण आणि खाली थंड अशी मांडणी असल्याने हवा वर-खाली फारशी होत नाही, म्हणून पावसाळी ढगांचे ऐरणीसारखे सपाट माथे या थराच्या तळाशी अडतात. फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ तेसराँ द बोर यांनी दोनशेहून अधिक फुगे सोडल्यावरच १९०२ मध्ये हा थर जाहीर केला, कारण तापमान घटायचे थांबते यावर त्यांचा स्वतःचाच आधी विश्वास बसत नव्हता.

सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणून पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल. अंटार्क्टिकावरील त्याची मोठी घट १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८७ मध्ये ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला.

या थरात जीवाणूही सापडले आहेत. २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. जयंत नारळीकर या प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ होते आणि नमुन्यांच्या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचाही वाटा होता. तीन नव्या जाती मिळाल्या; त्यांना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे दिली गेली.

उल्का कोणत्या थरात जळतात?

बहुतेक उल्का मध्यांबराच्या वरच्या भागात, साधारण ७५ ते १०० किलोमीटरांवर पेटतात. हवा तेथे अत्यंत विरळ असली तरी उल्केचा वेग सेकंदाला काही दशक किलोमीटर असतो आणि समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते. आकार मोठा असेल तर ही ढाल पुरत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर त्याची साक्ष आहे.

उष्मांबरात हजार अंश तापमान असते, मग अंतराळस्थानक वितळत का नाही?

तापमान हे रेणूंच्या वेगाचे माप आहे, उष्णतेच्या साठ्याचे नव्हे. ४०० किलोमीटरवर रेणू अतिवेगवान आहेत, पण हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत शेकडो अब्ज पटींनी विरळ असल्याने धडकायला येणारे रेणूच मोजके असतात.

याच भागातील विद्युतभारित कणांनी लघुलहरी परतवल्यामुळे रेडिओ सिलोन महाराष्ट्रातील घराघरांत ऐकू येत असे. रात्री मीडियम वेव्हवर दूरची केंद्रे लागतात, त्याचे कारणही तेथेच आहे. दिवसा या लहरी शोषून घेणारा आयनांबराचा सर्वांत खालचा पदर सूर्यास्तानंतर विरून जातो.

वातावरण कोठे संपते?

व्यवहारासाठी १०० किलोमीटरची कार्मान रेषा मानतात, पण तेथे हवा संपत नाही. सूर्य अधिक सक्रिय झाला की उष्मांबर तापून फुगते आणि उपग्रहांना होणारा विरोध वाढतो. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा याच कारणाने अपेक्षेपेक्षा लवकर खाली आली आणि ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. ती आपल्या गावावर पडते की काय, या धास्तीच्या आठवणी घरातील वडीलधारी माणसे अजून सांगतात.

सर्वांत वर, बाह्यांबरात, हायड्रोजन आणि हेलियमचे काही अणू कायमचे निसटून जातात. खडकांतून हेलियम सतत बाहेर पडत असूनही हवेत तो दर दहा लाख रेणूंमागे पाचच आहे, याचे कारण ही गळती. हेलियमचा विषय निघाला की विजयदुर्ग आठवतेच. १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तो किल्ल्यावरील ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून शोधला असे कोकणात सांगतात. प्रत्यक्षात हेलियमची ओळख पटवणारी सूर्यप्रकाशातील पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडातून पाहिली होती. विजयदुर्गावर ते खरोखर आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.